युरोपीय सेडानचे इंजिन ऑइल घरच्या घरी कसे बदलावे

इंजिन ऑइल बदलणे हे मोटारीच्या देखभालीतले सर्वांत जास्त वेळा लागणारे आणि सर्वांत सोपे काम आहे. जुने ऑइल चेंबरमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतून, सोडायचे, फिल्टर नवा बसवायचा आणि कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे नवे ऑइल मापाने भरायचे, एवढाच त्याचा गाभा. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या कडा परिसरातले अनेक शेतकरी ट्रॅक्टरचे ऑइल वर्षानुवर्षे स्वतःच बदलतात. तीच माणसे दारात व्हेंटो, रॅपिड किंवा लिनिया आली की बिचकतात. काम अवघड असते हे त्याचे कारण नाही. या गाड्यांना ऑइल नेमके कोणते लागते, चेंबरचा नट किती आवळायचा आणि घरी काम केल्यास वॉरंटीचे काय होते, याची नीट माहिती मिळत नाही.

या गाड्या युरोपीय म्हटल्या जातात, पण त्यांपैकी बहुतेक महाराष्ट्रातच तयार झालेल्या आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडाची ऑक्टाव्हिया आणि पुढे लॉरा व सुपर्ब जोडली गेली. चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगनची व्हेंटो, स्कोडाची रॅपिड आणि २०२२ पासून व्हर्टस व स्लाव्हिया बाहेर पडल्या. फियाटची लिनिया पुणे–नगर रस्त्यावरच्या रांजणगावची. त्यामुळे अहिल्यानगर, बीड आणि पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात त्या भरपूर दिसतात आणि तिथून कडा, आष्टी, धानोरा या भागात येतात. अधिकृत सर्व्हिस सेंटर मात्र कड्यात नाही. अहिल्यानगरच सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि काही कंपन्यांसाठी तर थेट पुणे गाठावे लागते. ऑइलसारख्या कामासाठी अख्खा दिवस आणि जाण्या-येण्याचे इंधन घालवण्यापेक्षा ते घरी करता येईल का, हा प्रश्न म्हणूनच पुन्हा पुन्हा विचारला जातो.

घरी करावे की गॅरेजमध्ये?

गाडीमालकापुढे तीन मार्ग असतात. गाडीचे वय आणि स्वतःची तयारी पाहून त्यांतला एक निवडावा.

- गाडी वॉरंटीत असेल तर नियमित सर्व्हिस अधिकृत सेंटरमध्येच करणे हिताचे. या काळात वाचणारी रक्कम लहान असते आणि वाद झाल्यास होणारे नुकसान मोठे असते.
- वॉरंटी संपली असेल आणि हाताला पान्यांची सवय असेल तर घरी करावे. पहिल्या वेळी दोन तास धरावेत. सराव झाला की तासाभरात काम होते.
- वॉरंटी संपली आहे, पण गाडीखाली जायची तयारी नाही, अशा वेळी ऑइल आणि फिल्टर स्वतः पारखून विकत घ्यावेत आणि गावातल्या भरवशाच्या मेकॅनिककडून, समोर उभे राहून बदलून घ्यावेत. वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर गाडी घेतली तर काम आणखी सोपे होते.

अपघातात चेंबरला मार लागलेली, आधीच ऑइल गळणारी किंवा ऑइलचा लाल दिवा लागलेली गाडी घरी उघडू नये. तिला आधी दुरुस्तीची गरज आहे.

ऑइल कसे निवडावे?

सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो. कॅनवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात आणि दोन्ही जुळाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे जाडी. ५ डब्ल्यू-३०, ५ डब्ल्यू-४०, ० डब्ल्यू-२० हे आकडे जाडी दाखवतात. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, नंतरचा आकडा गरम इंजिनात ते किती घट्ट राहते ते सांगतो.

दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीचा मान्यता क्रमांक. फोक्सवॅगन आणि स्कोडा यांचे क्रमांक एकच असतात. व्हीडब्ल्यू ५०२ ०० हा पेट्रोल इंजिनांसाठीचा जुना आणि सर्रास आढळणारा क्रमांक. व्हीडब्ल्यू ५०५ ०१ हा लॉरासारख्या गाड्यांतल्या पंप-इंजेक्टर पद्धतीच्या जुन्या टीडीआय डिझेलसाठी आणि व्हीडब्ल्यू ५०७ ०० हा त्यानंतरच्या डिझेलसाठी. मर्सिडीजचे क्रमांक एमबी २२९.५, २२९.५१ असे असतात. बीएमडब्ल्यू ‘लाँगलाइफ-०४’ अशा नावाने मान्यता देते. आपल्या गाडीला कोणता क्रमांक लागतो ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पुस्तिका हरवली असेल तर अधिकृत सेंटरला फोन करून चासी क्रमांक सांगावा आणि ऑइलचा क्रमांक, माप व फिल्टरचा पार्ट नंबर विचारून लिहून घ्यावा.

दुकानात हमखास ऐकू येणारी तीन वाक्ये आणि त्यांची उत्तरे अशी:

- “ट्रॅक्टरचे १५ डब्ल्यू-४० चालते, डिझेल ते डिझेल.” चालत नाही. ते ऑइल जड कामाच्या, कमी फेऱ्यांच्या इंजिनांसाठी असते. सेडानचा टर्बो खूप जास्त वेगाने फिरतो आणि सकाळी गाडी सुरू करताच त्याला ऑइल लागते. जाड ऑइल तिथवर उशिरा पोहोचते. धुराड्यात डीपीएफ हा काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या डिझेल गाडीत तर अशा ऑइलची राख साचून तो फिल्टर कायमचा तुंबतो.
- “आपल्याकडे ऊन चाळिशीच्या वर जाते, म्हणून जाडच घाला.” इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. बाहेर २० अंश असो वा ४२, गरम झालेले इंजिन साधारण ९० अंशांच्या आसपासच चालते. पुस्तिकेत दोन जाड्या दिलेल्या असतील तर आष्टी तालुक्यातल्या उन्हाळ्यासाठी त्यांतली जास्त जाडीची निवडायला हरकत नाही. पुस्तिकेत नसलेली जाडी मात्र घालू नये.
- “फुल्ली सिंथेटिक आहे, सगळ्यांना चालते.” सिंथेटिक असणे आणि मान्यता क्रमांक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनच्या मागच्या बाजूला क्रमांक शोधावा. तो नसेल तर कॅन परत ठेवावा.

माप. ऑइल विकत घेण्याआधी आपल्या इंजिनाचे नेमके माप पाहून घ्यावे. लिनियाच्या १.३ मल्टिजेट डिझेलला तीन लिटरच्या आसपास ऑइल लागते. व्हेंटो, रॅपिड, स्लाव्हिया, व्हर्टस, लॉरा या गाड्यांच्या इंजिनांना प्रकारानुसार साधारण साडेतीन ते पावणेपाच लिटर लागते. एक लिटर जादा घरात ठेवावे, पुढे पातळी भरायला ते उपयोगी पडते.

बनावट ऑइल. कॅनचे झाकण आणि त्याखालचे सील अखंड आहे का, बॅच क्रमांक व उत्पादनाची तारीख स्पष्ट छापलेली आहे का, हे पाहावे. कोड दिलेला असेल तर दुकानातच मोबाइलवर तपासावा. पक्के बिल घ्यावे. काम झाल्यावर रिकाम्या कॅनला भोक पाडूनच तो भंगारात द्यावा, म्हणजे त्यात पुन्हा कोणी भेसळीचे ऑइल भरून विकू शकणार नाही.

किती दिवसांनी बदलावे?

फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या भारतातल्या गाड्यांसाठी सर्वसाधारण नियम १५,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी येईल ते, असा आहे. गाडी वर्षभरात ४,००० किलोमीटरच फिरली तरी वर्ष संपताच ऑइल बदलावे, कारण ऑइल न वापरताही जुने होते.

कडा परिसरात मात्र १५,००० ची वाट पाहू नये. कडा ते आष्टीसारख्या छोट्या पल्ल्यात इंजिन पुरते तापत नाही आणि न जळलेले इंधन ऑइलमध्ये उतरत राहते. वस्त्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर धूळ असते. ऊस आणि कांद्याच्या हंगामात ती वाढते. अशा वापरात ७,५०० ते १०,००० किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलणे शहाणपणाचे. त्याच वेळी एअर फिल्टर उघडून पाहावा. तो धुळीने भरलेला असेल तर नवे ऑइलही लवकर खराब होते.

ऑइल काळे दिसले म्हणजे ते खराब झाले असे नाही. डिझेल गाडीत नवे ऑइल पहिल्या काही दिवसांतच काळे पडते. रंगापेक्षा किलोमीटर आणि तारीख पाहावी.

लागणारे साहित्य

- मान्यता क्रमांकाचे ऑइल आणि त्याच गाडीचा फिल्टर. फिल्टर कंपनीचा किंवा मान, माहले, बॉश यांसारख्या नामांकित उत्पादकाचा असावा.
- चेंबरचा नवा नट किंवा नवा वायसर. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक इंजिनांत वायसर नटालाच अडकवलेला असतो. तिथे नट पूर्णच बदलावा लागतो.
- गोटी पान्यांचा संच. चेंबरच्या नटाला बऱ्याच गाड्यांत १९ मिलिमीटरचा पाना लागतो, पण काही इंजिनांत तो नट आतून स्टार खाचेचा असतो. खालचे प्लॅस्टिक कव्हर उघडायला टी-२५ किंवा टी-३० स्टार पाना लागतो.
- फिल्टरचा पाना. फिल्टर वरच्या प्लॅस्टिक टोपीत असेल तर बहुधा ३२ मिलिमीटरची गोटी.
- टॉर्क पाना.
- हायड्रॉलिक जॅक, दोन जॅक स्टँड, चाकाला लावायच्या उट्या आणि जाड फळ्या.
- सहा-सात लिटर मावेल असे पसरट घमेले किंवा टब, नरसाळे, सुती चिंध्या, रबरी हातमोजे, चष्मा.

जागा आणि गाडी उचलणे

या कामात जीव जाण्याचा धोका एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे गाडीखाली. म्हणून हा भाग घाईत करू नये.

गाडी सपाट, पक्क्या जागी उभी करावी. अंगणात फरशी किंवा काँक्रीट असेल तर उत्तम. काळ्या मातीवर किंवा सैल मुरमावर स्टँडचे पाय हळूहळू रुततात आणि गाडी कलते. दुसरी जागाच नसेल तर प्रत्येक स्टँडखाली दीड-दोन इंच जाडीची, रुंद फळी ठेवावी. पावसाने भिजलेल्या जमिनीवर हे काम करू नये.

हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर ठेवावी आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या लावाव्यात. जॅक फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा. या गाड्यांच्या दारांखालच्या कडेला त्यासाठी खुणा असतात. चेंबरखाली जॅक लावला तर चेंबर फुटतो. गाडी उचलल्यावर स्टँड लावून त्यांवर भार टाकावा आणि बाजूने हलकेच ढकलून ती डगमगत नाही ना ते पाहावे. केवळ जॅकवर, किंवा विटा-दगडांवर ठेवलेल्या गाडीखाली क्षणभरही जाऊ नये. वीट न वाकता एकदम फुटते.

घरात कोणीतरी मोठे माणूस हाकेच्या अंतरावर असावे. लहान मुलांना दूर ठेवावे.

क्रमवार कृती

१. गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे ऑइल पातळ होते आणि तळाचा गाळ त्यात मिसळून बाहेर येतो. मग १५ ते २० मिनिटे थांबावे. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनातले ऑइल हात भाजवते.

२. बॉनेट उघडून ऑइल भरायचे झाकण सैल करावे आणि डिपस्टिक थोडी वर ओढून ठेवावी. हवा आत गेली की ऑइल नीट निघते.

३. गाडी उचलून स्टँडवर घ्यावी. खालचे प्लॅस्टिक कव्हर काढावे आणि त्याचे बोल्ट एका डबीत ठेवावेत.

४. चेंबरचा नट ओळखावा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांत इंजिन उजव्या अंगाला आणि गिअरबॉक्स डाव्या अंगाला असतो. गिअरबॉक्सलाही ऑइल सोडायचा नट असतो. खात्री पटल्याशिवाय पाना लावू नये.

५. घमेले थोडे मागे सरकवून ठेवावे, कारण सुरुवातीची धार वीतभर लांब पडते. नट पान्याने सैल करावा. मग हाताने फिरवताना तो वर दाबून धरावा आणि शेवटचा आटा सुटताच झटकन बाजूला घ्यावा.

६. धार बारीक होऊन थेंबांवर येईपर्यंत थांबावे. याला १० ते १५ मिनिटे लागतात. निघालेल्या ऑइलकडे नीट पाहावे. काळेपणा चालेल, पण त्यात चमकणारी धातूची कणी किंवा दुधाळ, चहासारखा फेस दिसला तर इंजिनात बिघाड आहे. धातू बेअरिंग झिजल्याचे सांगतो, फेस पाणी शिरल्याचे. अशा वेळी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय गाडी चालवू नये.

७. नट बसतो ती जागा चिंधीने पुसून नवा नट किंवा नवा वायसर लावावा. नट आधी पूर्णपणे हातानेच बसवावा. हाताने फिरत नसेल तर आटे वाकडे धरले गेले आहेत. काढून पुन्हा सरळ लावावा. शेवटी टॉर्क पान्याने आवळावा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक इंजिनांत हा आकडा ३० न्यूटन मीटर आहे. वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १५ किलो वजन टांगल्याइतकाच हा जोर. अंगाचा भार टाकून आवळण्याचे हे काम नाही.

८. फिल्टर काढावा. डब्यासारखा फिल्टर असेल तर तो काढल्यावर जुनी रबर रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. नव्या फिल्टरच्या रिंगला ताज्या ऑइलचे बोट लावावे आणि फिल्टर हातानेच बसवावा. रिंग टेकल्यावर फिल्टरवर छापलेल्या सूचनेइतकाच पुढे फिरवावा. कागदी फिल्टर टोपीत असेल तर टोपीची जुनी ओ-रिंग काढून फिल्टरसोबत आलेली नवी लावावी. ही टोपी प्लॅस्टिकची असते. तिच्यावर बहुधा २५ न्यूटन मीटर छापलेले असते. त्याहून जास्त आवळल्यास ती तडकते.

९. गाडी खाली घ्यावी. नरसाळ्यातून पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ऑइल भरावे आणि झाकण लावावे.

१०. इंजिन सुरू करून रेस न देता चालू ठेवावे. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांतच विझला पाहिजे. विझला नाही तर इंजिन तत्काळ बंद करावे. एक-दोन मिनिटे चालवताना खाली वाकून नट आणि फिल्टरजवळ ओल येते का ते पाहावे.

११. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, सपाट जागेवर डिपस्टिक पुसून पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या थोडी खाली असावी. दोन खुणांमधले अंतर बहुतेक गाड्यांत अर्धा ते एक लिटरचे असते, म्हणून थोडे थोडे घालून पुन्हा तपासावे.

१२. गाडी पुन्हा स्टँडवर घेऊन खालचे कव्हर बसवावे आणि सर्व्हिसची सूचना पुस्तिकेत दिल्याप्रमाणे शून्यावर आणावी. दुसऱ्या दिवशी गाडीखाली पुठ्ठा घालून थेंब पडले का ते पाहावे आणि आठवडाभराने पातळी पुन्हा तपासावी.

काही मर्सिडीज गाड्यांत डिपस्टिक नसते आणि बऱ्याच नव्या बीएमडब्ल्यूंमध्ये पातळी फक्त पडद्यावर दिसते. अशा गाड्यांत मापाचे काम अंदाजाने होत नाही. भरलेले प्रत्येक लिटर मोजून लिहून ठेवावे. बऱ्याच मर्सिडीजमध्ये जुने ऑइल वरूनच नळीने ओढून घेता येते. तसा पंप जवळ असेल तर गाडी उचलायची गरज पडत नाही.

हमखास होणाऱ्या चुका

- जास्त ऑइल भरणे. वरच्या खुणेच्या वर गेलेले ऑइल फिरत्या क्रँकने घुसळले जाते, फेसाळते आणि धुराड्यातून जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते. जास्त झालेले काढावेच लागते.
- नट अति आवळणे. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले तर नटाच्या पैशांची बचत चेंबरच्या खर्चात बुडते.
- दोन रिंगा. जुनी रबर रिंग राहून त्यावर नवी बसली तर दाब येताच काही मिनिटांत सगळे ऑइल बाहेर येते.
- फिल्टर तसाच ठेवणे. जुन्या फिल्टरमधले घाण ऑइल नव्यात मिसळते. ऑइल आणि फिल्टर नेहमी सोबतच बदलावेत.
- फ्लशिंगच्या बाटल्या घालणे. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला त्यांची गरज नसते. फार जुन्या, गाळाने भरलेल्या इंजिनात त्या गाळ मोकळा करून ऑइलची जाळी तुंबवू शकतात.

आटे गेले, नट फिरतच राहिला किंवा गळती थांबत नसेल तर गाडी सुरू करू नये. मेकॅनिकला घरी बोलवावे किंवा गाडी ओढून न्यावी. चिकटपट्टी आणि एम-सील हे चेंबरच्या नटावरचे उपाय नाहीत.

वॉरंटी आणि ग्राहकाचे हक्क

बाहेर काम केले की सगळी वॉरंटी रद्द, असे अनेकदा सांगितले जाते. पण भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी फोक्सवॅगन, स्कोडा, फियाट, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू यांच्यासह १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. स्वतंत्र मेकॅनिककडून काम करून घेतले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी आणि सुटे भाग बाजारात उपलब्ध करून द्यावेत, असे आयोगाने सांगितले. या आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या. त्यामुळे सेंटरच्या टेबलावर केवळ या निर्णयाच्या भरवशावर राहू नये. काम नीट केल्याचा कागदोपत्री पुरावाच गाडीमालकाचा खरा आधार असतो.

सेंटर असो वा गावातले गॅरेज, पुढील हक्क सर्व ग्राहकांना आहेत:

- बिल. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर ऑइलचे नाव, जाडी, लिटर आणि फिल्टरचा पार्ट नंबर लिहून मागावा.
- छापील किंमत. कॅनवरच्या कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात. तिच्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. वापरले तेवढ्याच लिटरचे पैसे द्यावेत. पूर्ण कॅनचे पैसे दिले असतील तर शिल्लक ऑइल आपले असते.
- तक्रार. आधी सेंटरला लेखी कळवावे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.
- ग्राहक आयोग. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. कड्याच्या ग्राहकाला पुण्याच्या सेंटरविरुद्ध बीडच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते.

जळक्या ऑइलचे काय करावे?

गावात जळके ऑइल वाया जात नाही. ते सेंट्रिंगच्या पाट्यांना लावतात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, काही जण गोचिडांसाठी जनावरांच्या अंगालाही चोळतात. हा शेवटचा उपयोग तर पूर्ण थांबवावा. वापरलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि जळलेल्या इंधनातली घातक द्रव्ये असतात. जनावर अंग चाटते आणि ती पोटात जातात. कातडीला सतत लागणे माणसालाही अपायकारक आहे.

आष्टी तालुका पर्जन्यछायेतला आहे. इथे विहिरीचे आणि बोअरचे पाणी उन्हाळाभर जपून वापरावे लागते. बांधाला, ओढ्यात किंवा गटारीत ओतलेले ऑइल मातीतून त्याच पाण्याकडे जाते. चुलीत किंवा कचऱ्यात जाळले तर त्याचा धूर घरात येतो. वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे, आणि एप्रिल २०२४ पासून त्याच्या संकलनाची जबाबदारी उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे.

घरच्या माणसाने एवढे करावे: ऑइल घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरावे, त्यात पाणी, पेट्रोल किंवा कूलंट मिसळू नये आणि कॅनवर ‘जळके ऑइल’ असे ठळक लिहावे. तो मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. पुढच्या वेळी अहिल्यानगरला किंवा आष्टीला जाताना, अधिकृत गोळा करणाऱ्याला ऑइल देणाऱ्या गॅरेजमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये जमा करावा. जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळू द्यावा आणि तोही त्याच ठिकाणी द्यावा.

नोंद ठेवावी

गाडीच्या कप्प्यात एक लहान वही ठेवावी. प्रत्येक वेळी तारीख, किलोमीटर, ऑइलचे नाव व मान्यता क्रमांक, कॅनचा बॅच क्रमांक, भरलेले लिटर आणि फिल्टरचा पार्ट नंबर लिहावा. ओडोमीटरचा आणि कॅनच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढावा. बिले त्याच वहीत चिकटवावीत. गाडी विकताना घरी केलेल्या कामावर खरेदीदार याच वहीमुळे विश्वास ठेवतो आणि वॉरंटीचा वाद झाल्यास ग्राहक आयोगापुढे हीच वही ठेवता येते.

ऑइल बदलण्यात कसब थोडे आणि काळजी जास्त लागते. कॅनवरचा क्रमांक पुस्तिकेशी जुळला, नट मापाने आवळला आणि गाडी स्टँडवर पक्की उभी राहिली, तर हे काम कड्यातल्या अंगणातही सर्व्हिस सेंटरइतकेच चांगले होते. या तिन्हींतल्या एकाचीही खात्री नसेल, तर पाना हातात घेऊ नका. आधी पुस्तिका उघडा.